प्राणायाम आणि प्राणवायू

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात शाळेची सहल गेली, की कोणीतरी मुलांना हमखास सांगते, "खोल श्वास घ्या, इथे भरपूर प्राणवायू आहे!" २१ जूनच्या योगदिनी प्राणायामाचे कारणही बहुधा हेच सांगितले जाते. ते तपासून पाहू.

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण ताम्हिणीत आणि पुण्यात सारखेच, सुमारे २१ टक्के असते. घाटात धूर-धूळ कमी, ही गोष्ट वेगळी. शिवाय निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनयुक्त असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी किती मावणार? उलट, भराभर खोल श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते.

ताम्हिणीच्या उत्तरेस, याच सह्याद्रीत, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. क्ष-किरण, दाबमापक अशी साधने वापरून त्यांनी यौगिक क्रियांचा अभ्यास केला. प्राणायामाचे खरे मूल्य जादा ऑक्सिजन मिळण्यात नाही, हे त्यांनीच आग्रहाने मांडले.

मग गोंधळ कुठला? तो आपल्या शब्दातला आहे. ऑक्सिजनचा शोध अठराव्या शतकातला. त्याला मराठीत 'प्राणवायू' हे नाव त्यानंतर मिळाले. योगातील 'प्राण' ही कल्पना त्याहून फार प्राचीन आहे. तिचा अर्थ जीवनशक्ती.

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली. त्यांत आसनाला जेमतेम तीन सूत्रे आहेत. प्राणायामाचे फळ म्हणून त्यांनी आरोग्य नव्हे, तर मन धारणेस योग्य होणे सांगितले आहे. पुढे ध्यान, समाधी आणि शेवटी कैवल्य, म्हणजे पाहणारा 'पुरुष' प्रकृतीहून वेगळा आहे याची जाण.

यातले विज्ञानाला काय तपासता येते? मनगटावरची नाडी धरून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद, सोडताना मंद होते. तरुण वयात हे सहज जाणवते. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस चेतातंतूचा हृदयावरील प्रभाव वाढतो, म्हणून असे घडते. संथ श्वसनाने शरीर शांत होते, त्यामागे ही यंत्रणाही आहे.

हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. कैवल्य मात्र कोणत्याही मापकात येत नाही. तो तत्त्वज्ञानाचा प्रांत आहे. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगावे, पण कोणते विधान कोणत्या प्रांतातले, हेही सांगावे.