नाशिकची वाईन

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांपासून तयार होणाऱ्या वाईनला ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाने भौगोलिक मानांकन लाभले आहे. येथील वायनऱ्या पाहू इच्छिणाऱ्याने युरोपातील वाईनविषयीच्या पुस्तकांवर विसंबून राहू नये, कारण द्राक्षवेलीचे वर्षच येथे निराळे आहे.

थंड प्रदेशातील वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते व तेथील द्राक्षे शरदात खुडली जातात. नाशिकची वेल अशी झोपत नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्यातील खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळांसाठीची छाटणी. खुडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. ती पाहायची असेल तर याच दिवसांत जावे; पावसाळ्यात गेलेल्यास हिरवे मळे दिसतात, घड नव्हे. सुमारे सहाशे मीटर उंची आणि थंडीतील गार रात्री यांमुळे फळातील आम्लता टिकते. मुरुड-दापोलीसारख्या दमट किनारपट्टीवर मुसळधार पावसामुळे व भुरी, केवडा अशा रोगांमुळे ही शेती साधत नाही. कोकणातून गोव्याकडे गेल्यास भेटते ती काजूच्या बोंडांची फेणी. ती ऊर्ध्वपातित असल्याने तिला वाईन म्हणणे चूक ठरते.

राज्यातील आधुनिक वाईनचा आरंभ नाशिकला नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात तेथे फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन तयार केली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ साली वेली लावल्या; त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि अनेक शेतकरी वाईनच्या वाणांकडे वळले.

या वळणात जोखीम होती. वाईनची द्राक्षे लहान, जाड सालीची व बियांची असतात. वायनरीने ती नाकारली तर खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. २००८च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, माल पडून राहिला आणि काहींनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या सुबक मळ्यांमागचा हा इतिहास मार्गदर्शक क्वचितच सांगतात.

बाटलीवर द्राक्षाचा वाण व खुडणीचे वर्ष पाहावे. शेनिन ब्लां व सोव्हिन्याँ ब्लां हे पांढऱ्या, तर शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्याँ हे तांबड्या वाईनचे येथील प्रमुख वाण होत. तांबडा रंग रसाचा नसून सालींचा असतो. पांढऱ्या वाईनसाठी साली किण्वनापूर्वीच वेगळ्या काढतात. येथील बहुतेक पांढऱ्या वाईन ताज्या असतानाच चाखाव्यात. जुनी तितकी उत्तम, हा समज त्यांना लागू पडत नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वय २१ वर्षे आहे.