चार टक्क्यांपलीकडचा दिव्यांग हक्क कायदा

'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016' हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला आणि 1995 च्या जुन्या कायद्यातील 7 प्रकारांऐवजी 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाला त्याने संरक्षण दिले. तरीही अनेक कार्यालयांत त्याची ओळख सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणापुरतीच राहिली आहे. लक्षणीय, म्हणजे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांसाठीचे हे आरक्षण मोलाचे आहेच. परंतु बिंदुनामावली तपासली आणि अनुशेष भरला की कायद्याचे पालन झाले, असे मानल्याने नेमणुकीनंतर त्या कर्मचाऱ्याला काम नीट करता यावे यासाठीच्या तरतुदी मागे पडतात, आणि अंमलबजावणी खरी अडते ती तिथेच.

या तरतुदींच्या मुळाशी 'वाजवी सोय' ही संकल्पना आहे. एखाद्या दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून कामाची पद्धत, साधने किंवा वेळ यांत केलेला आणि आस्थापनेवर अवाजवी भार न टाकणारा आवश्यक बदल, असा तिचा अर्थ होतो. उतरते मार्ग किंवा लिफ्ट यांसारखी सुगम्यता सर्वांसाठी आधीच उभी करायची असते, तर वाजवी सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरते. म्हणून तिची सुरुवात संबंधित कर्मचाऱ्याला विचारण्यापासूनच व्हायला हवी. अशी सोय नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसारच भेदभाव आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, त्या प्रकरणात फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोय 40 टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही, असे स्पष्ट केले.

अशी सोय खर्चिकच असते, ही भीती बहुतेक वेळा निराधार ठरते. अंध लिपिक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए'सारखी मोफत संगणक प्रणाली वापरू शकतो. मात्र सही-शिक्क्याचे परिपत्रक स्कॅन करून नुसते चित्र म्हणून पाठवले, तर त्या प्रणालीला त्यात एकही अक्षर सापडत नाही. तेच परिपत्रक युनिकोडमध्ये टंकलिखित स्वरूपात पाठवले की अडचण संपते, आणि त्यासाठी वेगळी आर्थिक तरतूद लागत नाही. याउलट, जिथे खर्च होतो तिथेही निष्काळजीपणा आढळतो. उतरत्या मार्गाचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे 30 सेंटिमीटर उंचीसाठी किमान 3.6 मीटर लांबी हवी, असा दंडक असताना दोन पायऱ्यांवर सिमेंटचा आखूड उतार ओतला जातो. त्यावरून चाकाची खुर्ची स्वतः चढवणे जवळपास अशक्य असते आणि उतरताना ती उलटण्याचा धोका असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले.

खाजगी क्षेत्रही यातून सुटलेले नाही. प्रत्येक आस्थापनेने 'समान संधी धोरण' जाहीर करून दिव्यांग व्यक्तींसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायचे असते. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेला त्यात योग्य पदांची यादी, प्रशिक्षण, बदली, रजा व साहाय्यक साधने यांचा तपशील देऊन एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. इंटरनेटवरून उतरवलेला मसुदा नोंदवून हे काम भागवू नये.

कलम 20 मधील एक तरतूद तर प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याला ठाऊक असायला हवी. सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही; तेवढ्याच वेतनश्रेणीच्या योग्य पदावर त्याला सामावून घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते.

यात कसूर झाल्यास महाराष्ट्रात पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. राज्य आयुक्तांना चौकशीसाठी साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेली शिफारस एखाद्या प्राधिकरणाला मान्य नसेल, तर त्याची कारणे 3 महिन्यांच्या आत आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.