ई-पीक पाहणीत लोकेशन चुकतंय? फोटो काढण्याआधी एवढं करा

तुम्ही स्वतःच्या शेतात उभे आहात, पण ॲप म्हणतं, गटापासून लांब आहात. ई-पीक पाहणी करताना हा अनुभव अनेकांना येतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभाव खरेदी अशा कामांत अडचण येते. म्हणून लोकेशन बरोबर येणं महत्त्वाचं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. जागा नक्की कळायला मोबाईलला एकाच वेळी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. पत्र्याचं शेड किंवा दाट झाडं मध्ये आली की गडबड होते. नुसत्या ढगांमुळे मात्र फारसा फरक पडत नाही.

काय कराल?

१. झाडाखाली, गोठ्यात किंवा गाडीत बसून फोटो काढू नका. मोकळ्या आभाळाखाली या.

२. सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा. ॲपला परवानगी देताना 'अचूक लोकेशन' निवडा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

३. लोखंडी किंवा चुंबकाचं कव्हर असेल तर काढा.

४. घाई करू नका. गुगल मॅप उघडून दोन-तीन मिनिटं थांबा. निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान झालं की लोकेशन नीट आलं समजा.

५. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नेट असलं की उपग्रह लवकर सापडतात. शेतात रेंज नसेल तर निघताना गावातच, रेंजमध्ये, मॅप एकदा उघडून घ्या.

६. मोकळ्या जागेतही मोबाईलचं लोकेशन साधारण पाच मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. पट्टा अरुंद असेल तर बांधावर नको, मधोमध उभे राहा.

'जीपीएस बूस्टर' नावाच्या ॲपच्या नादी लागू नका. ॲप टाकून मोबाईलचा अँटेना मोठा होत नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर करून बघा. तरीही अडलं तर मुदत संपायची वाट न बघता तलाठ्यांना भेटा. शेवटच्या दिवशी सगळ्यांचीच धावपळ असते.