रायफल काडतुसांचे छापील तक्ते किती विश्वसनीय?

दिल्लीतील डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंजवर उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी मागे उरते. ती पुन्हा भरण्यासाठी बंदुकीच्या दारूचे उत्पादक तक्ते छापतात. (भारतात काडतूस बनवण्यास शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवाना लागतो.)

तक्त्यातील दाब कसा मोजला, हे आधी पाहा. .308 विंचेस्टरची अमेरिकी कमाल मर्यादा पायझो संवेदकाने 62,000, तर तांब्याचा तुकडा चेपण्याच्या जुन्या पद्धतीने 52,000 आहे. काडतूस तेच, मोजपट्टी वेगळी. हे आकडे एकमेकांत मिसळू नका.

शिवाय चाचणी एका नळीत, दारूच्या एका बॅचवर, ठरावीक तापमानाला होते. दिल्लीच्या मे महिन्यात तापलेली दारू सहसा अधिक दाब देते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास बंदूक फुटू शकते. म्हणून तक्ता ही एका प्रयोगाची नोंद समजा, हमी नव्हे.