संगणकाची पाळी

विद्यार्थी संघटना म्हटली की डोळ्यांपुढे निवडणुका आणि घोषणा येतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९६९ साली ‘स्टुडंट इन्फर्मेशन प्रोसेसिंग बोर्ड’ हे मंडळ निघाले, ते मात्र वेगळ्याच कामासाठी. त्या काळी संगणक अवाढव्य आणि त्याच्या वापराचा वेळ महाग. संशोधनाला तो मिळे. पण हौसेने शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कोण देणार? तेव्हा विद्यार्थ्यांसाठी राखलेला वेळ हे मंडळच विद्यार्थ्यांना वाटून देऊ लागले.

आमच्या गावी पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लागतात. पाळी नसेल, तर शेवटचे शेत कोरडेच राहते. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून हे चटकन उमगले. संगणक स्वस्त झाले, तरी ते मंडळ आजही चालू आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी आपणही असे मंडळ का काढू नये?