पंडित हे नाव आपल्या घरात कसे आले?

घरात बाळाच्या नामकरणाचा बेत ठरला की नावांची यादी होते. आत्या एक नाव सुचवते, मामा दुसरे. सिद्धार्थ, राहुल, सम्यक, प्रज्ञा, सुजाता अशी नावे निघतात. मग कुणाला तरी जुनी माणसे आठवतात. आजोबांचे नाव काय, पणजोबांचे काय? आणि कोल्हापूर भागातल्या एखाद्या घरात उत्तर येते, "पणजोबांचे नाव पंडित."

यावर कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, "पंडित? हे तर भटजीचे नाव. आपल्यात कसे आले?" वडीलधारी माणसे हसून विषय बदलतात. कुणाला त्या नावाचा थोडा संकोचही वाटतो. वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुलांना द्यायला हवे. संकोच वाटावा असे त्यात काही नाही, उलट पणजोबांच्या आईबापाचे धैर्यच त्यात दिसते.

धंद्याचे झाले आडनाव, आडनावाचे झाले नाव

'पंडा' म्हणजे बुद्धी. ती ज्याच्याजवळ आहे तो पंडित. पुढे शास्त्रे सांगणाऱ्याचा तो धंदा झाला आणि धंद्यावरून हुद्दा झाला. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत 'पंडितराव' हे पद होते. धर्माची व दानाची कामे त्याच्याकडे असत. हुद्दा वंशपरंपरेने चालू लागला की त्याचे आडनाव होते. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही आडनावे अशीच झाली. विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित सीताराम पंडित हे मूळच्या मराठी घराण्यातले. बिहारात तर कुंभार समाजातील अनेक कुटुंबे पंडित हेच आडनाव लावतात.

हेच आडनाव आपल्याकडे पाळण्यातले नावही झाले. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात पंडित, पंडितराव, सर्जेराव, हिंदुराव अशी नावे अनेक जातींच्या घरांत सापडतात. सर्जेराव हा कागलच्या घाटगे घराण्याचा किताब. एकेकाळी दरबारात मिळणारे हे मान पुढे शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या पोराला आईबापांनी आपल्या हाताने दिले.

धंद्याचे आडनाव मुलाला नाव म्हणून देणे ही रीत परदेशातही आहे. इंग्रजीत मेसन म्हणजे गवंडी. पण २०११ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावांत मेसन हे नाव दुसऱ्या क्रमांकावर होते. टेलर म्हणजे शिंपी, आणि १९९० च्या दशकात तिकडच्या मुलींच्या नावांत टेलर पहिल्या दहांत असे. आता आपल्याकडे पाहा. गवंडी, शिंपी, सुतार, लोहार, कुंभार ही आडनावे कोल्हापुरात जागोजागी आहेत. पण बाळाचे नाव 'सुतार' कुणी ठेवतो का?

तिकडच्या शिंप्याच्या मुलाने शिंपीच व्हावे असे धर्माने सांगितलेले नव्हते. धंदा मागे पडला, नुसता शब्द उरला, आणि त्या शब्दाला कसलाही डाग नव्हता. आपल्याकडे धंदा जन्माला चिकटला. जात केवळ कामांची वाटणी करीत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच ती वाटणी करून त्यांना वरखाली बसवते, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या प्रबंधात दाखवून दिले. म्हणून आपल्याकडे धंद्याचे नाव उच्चारले की जात कळते. आपल्या समाजाच्या वाट्याला तर तराळ आणि वेसकर हे शब्द आले. निरोप पोचवायचा, वेशीवर राखण करायची, मेलेले जनावर ओढायचे आणि दारोदार भाकरी मागायची. शंकरराव खरात यांनी १९८१ साली आपल्या आत्मकथेला 'तराळ अंतराळ' हे नाव दिले, तेव्हा त्यांनी हा शब्द लाज न बाळगता पुस्तकाच्या कपाळावर लिहिला.

नावावरचा पहारा

नावांवरही पहारा होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बारशाचा नियमच आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे! शूद्राची ही गत, तर त्याच्याही खाली ढकललेल्यांची काय कथा? धोंड्या, दगड्या, कचऱ्या, केऱ्या ही नावे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आली. काही नावे मूल जगावे म्हणून नवसाने, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली असत, हे खरे. पण वरच्या आळीतल्या धोंडूचे मोठेपणी 'धोंडोपंत' होई आणि आपला धोंड्या म्हातारा झाला तरी धोंड्याच राही. ज्या ग्रंथाने हा भेद शिकवला, त्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झाले.

आता विचार करा. अशा काळात महारवाड्यातल्या एका आईने आपल्या पोराचे नाव 'पंडित' ठेवले. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. ज्या विद्येची दारे आपल्याला बंद, त्या विद्येच्या धन्याचेच नाव तिने पोराला दिले. गावाने त्याचे 'पंड्या' केले असेल. तरी घरात, अंधाऱ्या खोपटात, ती त्याला पंडित म्हणूनच हाक मारत राहिली असेल.

करवीर संस्थानात वारे बदलत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. १९१८ साली महार वतनाची वेठ मोडली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम निघाला. आपल्यातले शिकलेले लोक तलाठी झाले, त्यांना वकिलीच्या सनदा मिळाल्या. १९२० साली महाराजांनी मराठा समाजातील सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरूच्या गादीवर बसवले, म्हणजे पंडिताचा धंदा एकाच जातीचा नाही हे कोल्हापूरने उघड सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण बाबासाहेबांकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असे लोकांना सांगितले. ज्या लेकरांची नावे शाळेच्या पटावर चढणार होती, त्यांना आईबापांनी मोठी नावे द्यावीत यात नवल काय?

तथागतांचा पंडित

आणि हा शब्द खरोखर भटजीचाच आहे का? आपल्या धम्मपदाचा सहावा वर्ग उघडा. त्याचे नावच 'पंडितवग्ग'. त्यातल्या एका गाथेत तथागतांनी शेताला पाणी नेणारा, बाण घडवणारा आणि सुतार या तीन कष्टकऱ्यांच्या पंगतीला पंडिताला बसवले आहे. ते आपापल्या कामातली वस्तू हवी तशी वळवतात, तसा पंडित स्वतःला वळण लावतो. त्यात जात कुठे आली? पंडित होणे हे तिथे सुतारकीसारखेच मेहनतीचे काम आहे, फक्त माल म्हणजे आपलेच मन.

जातककथांत महोसध पंडित आहे. मिथिलेजवळच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा. राजाच्या दरबारात आधीचे चार पंडित त्याच्यावर जळतात, तो मात्र आपल्या अक्कलहुशारीने लोकांचे प्रश्न सोडवतो. आणि भगवंतांच्या संघात उपाली हा न्हाव्याचे काम करणारा होता. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे नियम सांगण्याचा मान त्यालाच मिळाला. तामिळ देशात १८९८ साली शाक्य बौद्ध संघ काढून दलितांना बुद्धाची वाट दाखवणारे अयोथी दास हेही 'पंडित' म्हणूनच ओळखले जातात.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतली नावे बदलली. मिलिंद, आनंद, गौतम, संघमित्रा, यशोधरा ही नावे आली आणि पंडित, सर्जेराव मागे पडले. हे योग्यच झाले. दुसऱ्याच्या दरबारातला हुद्दा मागण्याची आता आपल्याला गरज नाही, आपल्याजवळ आपला स्वतःचा वारसा आहे. परंतु मागे पडलेले नाव आणि पुसून टाकलेले नाव यांत फरक आहे. धर्मांतराच्या आधी ज्या माणसांनी पोराला पंडित म्हटले, त्यांनी मनूचा नियम आपल्या परीने मोडलाच होता.

म्हणून एक विनंती. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचे असेल तर त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या आईबापांची, आजी-आजोबांची खरी नावे विचारा. हाक काय मारत आणि शाळेच्या दाखल्यावर काय होते, दोन्ही विचारून वहीत लिहून ठेवा. बाळाच्या नामकरणाला जमलेल्या पाहुण्यांसमोर ती नावे एकदा वाचा. आणि नवे नाव कोणतेही ठेवा, पण ते तोडू नका. सिद्धार्थचा 'सिध्या' आणि प्रज्ञाची 'प्रज्ञी' करण्याची सवय आपल्याच घरात असेल तर ती आजच सोडू या. आपल्या वाडवडिलांना उभ्या जन्मात कुणी पूर्ण नावाने हाक मारली नाही. आपल्या लेकरांना ती आपल्याच तोंडून ऐकू येऊ दे. जयभीम!