ब्रिटनमध्ये बर्फ पडणार का? आधी वारा कुठून येतोय ते बघा

हिवाळा जवळ आला की मोबाईलवर 'ब्रिटन गोठणार' असले मथळे धडाधड येतात. मग तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना पुण्या-नाशिकहून आईचा फोन: "स्वेटर आहे ना रे?" आज बघू, या मथळ्यांवर किती विश्वास ठेवायचा.

लंडन कॅनडातल्या कॅलगरीपेक्षाही किंचित उत्तरेला आहे. कॅलगरीत पारा उणे २० पर्यंतसुद्धा उतरतो, लंडनमध्ये मात्र हिवाळ्यातही दुपारी साधारण ८ अंश असतात. कारण अटलांटिक महासागर. पश्चिमेचा वारा त्याची ऊब घेऊन येतो.

आता जेट स्ट्रीम. म्हणजे विमानं उडतात तेवढ्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जोरदार वारा. तो जोरात असला आणि ब्रिटनच्या दिशेने आला, की वादळांची रांगच लागते. पण ही वादळं बहुतेकदा पाऊस आणि वारा आणतात, बर्फ कमी. १८ फेब्रुवारी २०२२ ला 'युनिस' वादळात आइल ऑफ वाइटजवळ वाऱ्याचा झोत ताशी १९६ किलोमीटर नोंदला गेला. इंग्लंडमधला तो विक्रम होता.

मग बर्फ कधी? हा प्रवाह कमजोर पडला, वळला आणि वारा पूर्वेकडून, म्हणजे रशियाच्या बाजूने आला की. फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तर ध्रुवावर, खूप उंचावरची हवा अचानक तापली. साधारण दोन आठवड्यांनी ब्रिटन बर्फाखाली! लोकांनी त्या थंडीला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. पण उंचावरची हवा तापली की दर वेळी बर्फ पडतोच, असंही नाही.

त्यात अडचण अशी की ब्रिटनमध्ये पाऊस आणि बर्फ यांत कित्येकदा एका अंशाचाच फरक असतो. म्हणून महिनाभर आधी 'अमुक तारखेला बर्फ' असं कुणी सांगितलं, तर सरळ पुढे स्क्रोल करा. चार-पाच दिवस आधीचा अंदाज बघा, आणि तोही रोज.

मेट ऑफिसचे इशारे तीन रंगांत येतात: पिवळा, अंबर, लाल. रंग ठरतो दोन गोष्टींवरून, शक्यता किती आणि फटका किती मोठा. त्यामुळे पिवळा दिसला म्हणून दुर्लक्ष करू नका. शक्यता कमी, पण फटका मोठा, असाही त्याचा अर्थ असू शकतो. सोबतचा मजकूर वाचा. आणि लाल असेल, तर लेक्चर राहू दे, घरीच थांबा. आईला तेवढं कळवा!